सिस्टरनं पुढच्या शिक्षणाचा अर्ज कधी करावा?

  आजचा विषय गटाच्या बैठकीतच निघालेला आहे. पूर्वी बैठकीत विचारणा व्हायची ती शिलाई मशीनच्या नाहीतर शेळीच्या कर्जाची. आता बायका विचारतात, "ताई, आमची पोरगी चिंचवडला दवाखान्यात सिस्टर आहे. तिला अजून शिकायचंय म्हणते. आत्ता शिकू द्यावं, का अजून दोन वर्षं नोकरी करू द्यावी? का आधी लग्न उरकावं?"

यात आणखी एक नवीन प्रश्न आला आहे. मुली मोबाईलवर बघतात की अमेरिकेत नर्स पेशंटला भूल देते आणि तिला डॉक्टरच्या तोडीचा पगार मिळतो. मग त्या विचारतात, "आपल्याकडे तसा कोर्स कुठं आहे? त्याला अर्ज कधी करायचा?" आधी या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण त्यावरूनच काही ठिकाणी पैसे काढून घेतले जातात.

भूल देणं म्हणजे पेशंटला नुसतं झोपवणं असं आपल्याला वाटतं. पूर्ण भूल देताना स्नायू सैल पडण्याचं औषध देतात तेव्हा पेशंटचा स्वतःचा श्वासही थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून मशीनवर श्वास चालवावा लागतो. औषधाचं प्रमाण वजन, वय, दमा, साखर, हृदयाचा आजार हे सगळं बघून ठरतं. रक्तदाब पडला, ऑक्सिजन कमी झाला, तर हातात मिनिटंच असतात. मेंदूला काही मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही तरी कायमचं नुकसान होतं. म्हणून आपल्याकडे भूल देण्याचं काम भूलतज्ज्ञ डॉक्टरचं आहे. एमबीबीएस झाल्यावर त्या विषयात वेगळं शिक्षण घेतलेला हा डॉक्टर असतो. खेड्यापाड्यात भूलतज्ज्ञ मिळत नाहीत आणि सिझेरियन अडतं, म्हणून सरकारनं एमबीबीएस डॉक्टरांसाठी जीवरक्षक भूल देण्याचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण काढलं. म्हणजे साध्या एमबीबीएस डॉक्टरलासुद्धा त्यासाठी वेगळं शिकावं लागलं.

अमेरिकेत मात्र नर्सनं भूल देण्याची परंपरा दीडशे वर्षांच्या आसपासची आहे. तिथल्या भूल देणाऱ्या नर्सची संघटना १९३१ साली स्थापन झाली. पण तिथंही कुणी उठून भूल देत नाही. आधी नर्सिंगची पदवी, मग नर्सचा परवाना, मग किमान एक वर्ष आयसीयूतला अनुभव आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांचं शिक्षण. २०२२ पासून तर त्या अभ्यासक्रमात नव्यानं जाणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच्या पातळीवरच शिकावं लागतं. आपल्या चाकणच्या जीएनएम मुलीला तिकडं जायचं असेल तर आधी इथं पदवी, मग तिथल्या परवान्याची परीक्षा, मग तिथला आयसीयू, असा तो लांबचा रस्ता आहे. तो चुकीचा नाही, पण एका वर्षाचा कोर्स करून तिथं पोचता येत नाही.

आपल्या देशात नर्सला स्वतंत्रपणे भूल देण्याचा परवाना देणारा कोर्स नाही. म्हणून कुणी "भूल नर्सचा कोर्स, एका वर्षात, नोकरीची हमी" असं सांगून पैसे मागत असेल तर तिथंच थांबा. आमच्या एका गटातल्या सभासदानं मुलीसाठी असेच पैसे भरले. वर्षानं हातात आलेला कागद कुठल्याही रुग्णालयात चालला नाही. कर्जाचे हप्ते मात्र आईला भरावे लागले. आता "भूल तंत्रज्ञ" आणि "शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञ" हे कोर्स खरे आहेत, पण ते नर्सिंगचे नाहीत, वेगळ्या शाखेचे आहेत. तंत्रज्ञ भूलतज्ज्ञाच्या हाताखाली मशीन तयार ठेवतो, नळ्या आणि सिलिंडर तपासतो, पण भूल देत नाही. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या कामांना वेगळ्या व्यवसायाची ओळख दिली. आपली मुलगी आधीच नर्स असेल, तर सगळं सोडून पुन्हा तंत्रज्ञ व्हायची गरज नसते.

मग भूल, ऑपरेशन, आयसीयू याची आवड असलेल्या सिस्टरसाठी आपल्याकडे काय आहे? बरंच आहे. एकेक पायरी बघू.

पहिली पायरी एएनएम. दोन वर्षांचा कोर्स, बारावीनंतर, कुठल्याही शाखेतून. दुसरी जीएनएम, तीन वर्षांचा. तिसरी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांची पदवी. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं, आणि आपल्या राज्यात त्याची सीईटी असते. जीएनएम झालेल्या मुलीला पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी हा दोन वर्षांचा कोर्स आहे.

याच्या वर तीन वाटा आहेत. एक, एमएस्सी नर्सिंग, दोन वर्षांची. पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. दुसरी वाट म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा कोर्स हाच. दोन वर्षांचं निवासी शिक्षण, जास्तीत जास्त वेळ पेशंटच्या खाटेजवळच. त्यालाही बीएस्सीला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो, शक्यतो आयसीयूतला. तिसरी वाट एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविकांची. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता, नवजात बाळं, कॅन्सर असे त्यात विषय आहेत. जीएनएम मुलीलाही या पदविका करता येतात, फक्त एक वर्ष स्टाफ नर्स म्हणून काम केलेलं असावं लागतं.

आता मुख्य प्रश्न. अर्ज कधी करायचा?

नियम सांगतो एक वर्ष. पण आमचा सल्ला असा की हाताशी दोन वर्षं असू द्यावीत. कारण सांगतो. पहिले सहा महिने मुलगी वॉर्ड ओळखण्यात घालवते. फाईल कशी भरायची, सलाईनचा वेग कसा ठेवायचा, नातेवाईक चिडले तर काय बोलायचं, नाईटला झोप कशी आवरायची. पुढचे सहा महिने ती सांगितलेलं काम नीट करते. दुसऱ्या वर्षात खरा फरक पडतो. पेशंटचा श्वास बदलला हे तिला मॉनिटर वाजण्याआधी कळायला लागतं. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करून "सर, बीपी इतकं आहे, लघवी इतकी झालीय, मला बरं वाटत नाहीये" असं ती ठामपणे सांगते. हे जमायला लागलं की मुलगी पुढच्या शिक्षणाला तयार झाली असं समजायचं. एक वर्ष भरलं पण ते सगळं लहान नर्सिंग होममध्ये ओपीडीच्या टेबलावर गेलं, तर कागदावर अनुभव दिसतो पण वर्गात गेल्यावर अडतं. म्हणून अर्जाआधी आयसीयू किंवा ओटीमध्ये बदली मागून घ्यावी. आपल्या पट्ट्यात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारखं मोठं महापालिकेचं रुग्णालय आहे, शिवाय मोठी खासगी रुग्णालयं आहेत. तिथं अपघाताचे, कारखान्यातल्या इजांचे पेशंट येतात. शिकायला असं ठिकाण हवं.

आता उशीर किती झाला तर चालेल? इथं दोन घड्याळं चालू असतात. पहिलं सरकारी नोकरीच्या वयाचं. दिल्लीच्या एम्स आणि देशभरातल्या एम्ससाठी नर्सिंग ऑफिसरची जी सामाईक परीक्षा होते, तिला वयाची मर्यादा ३० वर्षं आहे, राखीव गटांना सवलत आहे. त्या परीक्षेला जीएनएम मुलीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सी मुलीला ही अट नाही. राज्य सरकारच्या नोकरीला सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि राखीव गटाला ४३ वर्षं ही मर्यादा आहे. म्हणजे २८ वर्षांच्या मुलीनं दोन वर्षं शिकायला घेतली तर एम्सची दारं कदाचित बंद होतील, राज्याची उघडी राहतील. हे आधी समजून ठरवलं की नंतर पश्चात्ताप होत नाही.

दुसरं घड्याळ घराचं. लग्न, बाळंतपण, सासरचं माणूस आजारी. ही गोष्ट बायकांनी बायकांशी उघड बोलायला हवी. नोकरीत असलेल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते. अट अशी की त्याआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. पगार महिन्याला २१ हजारांच्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी ईएसआयसी लागू होते आणि तो लाभ तिकडून मिळतो. शिकायला म्हणून राजीनामा दिला की हा हक्क सुटतो. म्हणून मूल हवं असेल आणि शिक्षणही हवं असेल, तर आधी कोणतं हे नवरा-बायकोनं मिळून ठरवावं. निवासी कोर्समध्ये तान्ह्या बाळासह रात्रपाळ्या करणं फार अवघड आहे. पण "लग्न झालं, आता शिक्षण संपलं" हेही खरं नाही. आपल्या पुण्याचाच दाखला घ्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि ससून रुग्णालयाच्या मदतीनं बायकांना, त्यात विधवांनाही, नर्सिंगचं शिक्षण दिलं. त्या काळी चांगल्या घरातल्या बाईनं परक्या माणसाला हात लावायचा हेच लोकांना खपत नव्हतं. त्या बायका शिकल्या, तर आपल्या सुनेला कोण अडवणार?

आता पैशाचा हिशेब. हा आम्ही गटात फळ्यावर मांडतो, तसाच इथं सांगतो. आकडे फक्त हिशेब कळण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा मुलीचा पगार महिना १८ हजार आहे. दोन वर्षांचा कोर्स केला तर २४ महिन्यांचा पगार गेला, म्हणजे ४ लाख ३२ हजार. फी समजा वर्षाला ८० हजार, म्हणजे १ लाख ६० हजार. एकूण ५ लाख ९२ हजार. कोर्सनंतर पगार महिन्याला ८ हजारांनी वाढला असं धरलं, तर हे पैसे वसूल व्हायला ७४ महिने लागतात, म्हणजे सहा वर्षं आणि वर दोन महिने. व्याज वेगळंच. मुलगी २५ वर्षांची असेल तर हा हिशेब फायद्याचा आहे, पुढं तीस वर्षं कमाई आहे. तिच्या डोक्यावर आधीच घराचं कर्ज असेल आणि तीच एकटी कमावणारी असेल, तर दोन वर्षांऐवजी एका वर्षाची पदविका आधी करावी, किंवा वर्षभर थांबून हप्ते कमी करून मग जावं. थांबणं म्हणजे हार नाही, पण थांबायचं ते तारीख ठरवून. "बघू पुढं" म्हटलं की पाच वर्षं जातात.

कर्ज घेताना एक गोष्ट पाळा. गटाचं अंतर्गत कर्ज फॉर्म, दाखले, प्रवास, पुस्तकं एवढ्यासाठी घ्या. फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आणि हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षानं सुरू होतात. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात येतो आणि मुलीचा पगार तर बंद झालेला असतो. म्हणून फी गटाच्या कर्जातून भरू नका. आणखी एक, २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नाही. आपला कोर्स त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात लेखी विचारा.

आता कागदांचं बघू. चांगले गुण असलेल्या मुलींचं वर्षही कागदावाचून वाया जातं. प्रवेशाच्या सूचना साधारण उन्हाळ्यात येतात आणि फेऱ्या पावसाळ्यात चालतात. तारखा दरवर्षी बदलतात. म्हणून दिवाळी झाली की कामाला लागायचं. जातीचा दाखला असेल तर जात पडताळणी हवी, तिला वेळ लागतो. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला चालू मुदतीचा हवा. अधिवास दाखला हवा. चाकण आणि आजूबाजूच्या गावांना हे काम राजगुरुनगरला तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात करावं लागतं. शेवटच्या आठवड्यात तिथं रांग लागते.

अनुभवाच्या दाखल्याचंही तसंच. नोकरी लागते त्या दिवसापासून नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या आणि बँकेतली नोंद जपून ठेवा. रोख पगार घेणाऱ्या मुलीला अनुभव सिद्ध करताना फार त्रास होतो. दाखल्यावर रुग्णालयाच्या खाटा किती, कोणत्या विभागात काम केलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट लिहून घ्या. अनुभव मोजतात तो नर्स म्हणून नोंदणी झाल्यानंतरचा. म्हणून परीक्षा पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लगेच करा, आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण चुकवू नका.

आमच्या ओळखीच्या एका मुलीची मूळ प्रमाणपत्रं नोकरीच्या ठिकाणी ठेवून घेतली होती. प्रवेशाची तारीख आली तरी कागद सुटले नाहीत आणि तिचं वर्ष गेलं. मैत्रिणींनो, मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, आणि मूळ परत घ्या. बाँडवर सही करण्याआधी किती महिन्यांचा, सोडला तर किती पैसे, हे मोठ्यानं वाचून घ्या. राजीनाम्याची नोटीस किती दिवसांची तेही बघा. प्रवेश पक्का होईपर्यंत राजीनामा देऊ नका, आणि पक्का झाला की नोटीस देण्याइतका वेळ हाताशी ठेवा.

महाविद्यालय निवडताना तीन गोष्टी विचारा. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आहे का? पदवीचा कोर्स असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी किंवा दुसऱ्या मान्य विद्यापीठाशी जोडलेलं आहे का? तिन्ही गोष्टी संकेतस्थळावर बघता येतात, मुलगी मोबाईलवर दहा मिनिटांत दाखवेल. पैसे दिले की पावती घ्या. पावती देत नाहीत तिथं शिकू नका. केंद्र सरकारनं २०२३ साली नर्सिंगसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे, त्यामुळं नियम बदलू शकतात. शेजारणीच्या पोरीला मागच्या वर्षी काय लागलं यावर जाऊ नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

आजचं सगळं थोडक्यात सांगतो. नोंदणी झालेली आहे, मोठ्या रुग्णालयात दोन वर्षं झाली आहेत, त्यातलं किमान एक आयसीयू किंवा ओटीत आहे, वयाचा हिशेब केलेला आहे, घरात बोलणं झालेलं आहे, फीची सोय लिहून ठेवलेली आहे आणि मूळ कागद आपल्या पेटीत आहेत. एवढं जुळलं की त्याच वर्षी अर्ज करायचा. यातलं एखादं कमी असेल तर ते कधी पूर्ण होईल त्याची तारीख लिहा आणि त्या तारखेला पुन्हा बसा.

येत्या मासिक बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या किती घरांत सिस्टर आहे, कोणाचं शिक्षण कुठं थांबलंय, हे इतिवृत्ताच्या वहीत लिहून काढा. त्या मुलींना सुट्टीच्या दिवशी बैठकीला बोलवा आणि त्यांचं ऐका. बचत आपण कशासाठी करतो, तर अशाच वेळी हाताशी यावी म्हणून. तुमचे प्रश्न गटाच्या सचिवाकडे लिहून द्या, पुढच्या वेळी त्यांची उत्तरं देऊ.